पिनेची चिंधी

२३ फेब्रुवारी

निळा डबा! एकशे आठ नग, प्रत्येकाला स्पंजात कोरलेली आपापली जागा. कोयोनं तो गॅरेजच्या दारात खुर्चीवर उघडा मांडून ठेवलाय, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावा म्हणून. रुखवत मांडतात तसा.

जर्मनीहून नऊ वर्षांनी परत आला आणि आणलं काय, तर हे. सख्ख्या बहिणीला, माझ्या बायकोला, स्तान्काला, माती द्यायला आला नाही. सुट्टी मिळाली नाही म्हणे! एकशे आठ पाने-पक्कडी आणायला मात्र बरोबर सुट्टी मिळाली. आणि गॅरेज कुठलं घेतलं? माझ्या भिंतीला भिंत लावून. पंधरा नंबर.

दुपारी पलीकडच्या ओळीतला एक जण पुली पकडायचा पाना मागायला माझ्या दारापर्यंत आला. निळा डबा बघितला आणि तिकडेच वळला. माझ्या तोंडावर! वीस वर्षं माझाच पाना नेत होता. लोखंडाची पट्टी, दोन बोल्ट, टोकाला सायकलच्या हँडलची मूठ. मी केलेला. अजून एकदाही घसरलेला नाही. पण चकचकीत नाही ना.

घेवडा शिजवला. मीठ विसरलो. तसाच खाल्ला.

२४ फेब्रुवारी

काही नाही. थंडी. कोयो काम करताना शिट्टी वाजवतो. भिंतीतून सगळं ऐकू येतं.

२६ फेब्रुवारी

आज टायमिंगची पिन नवीन केली. जुनी कुणीतरी हातोडीनं ठोकून वाकडी करून आणली होती. आणून देताना मान खाली, आपला बिल्ला काढून पसार.

बिल्ल्यांची गोष्ट एकदा लिहून ठेवतो, नाहीतर माझ्यामागे कुणाला कळणार नाही. कारखान्याच्या टूलरूमच्या खिडकीत मी सत्तावीस वर्षं बसलो. कामगारानं नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार न्यायचं. परत करताना जसं नेलं तसं, पुरं द्यायचं आणि आपला बिल्ला आपल्या हातानं काढून घ्यायचा. कारखाना गेला. छपराचे पत्रे गेले, फाटकसुद्धा कुणीतरी भंगारात घातलं. पण या गल्लीत अजून लोकांच्या किल्ल्यांना बिल्ले आहेत, आणि माझ्या भिंतीवर तोच नियम आहे. प्रत्येक हत्यारामागे लाल रंगानं त्याची आकृती काढलेली, शेजारी खिळा. हत्यार गेलं की भिंतीवर नुसती आकृती उरते आणि खिळ्यावर बिल्ला. कुणी नेलं ते विचारावं लागत नाही.

तर पिन. मोडक्या ड्रिल बिटचा दांडा, आठ मिलिमीटर. पुढचं टोक सहाणेवर घासून गोल केलं, मागे भोक पाडायला दोन तास गेले. ते पोलाद असं कडक की तीन बिट खाल्ले. पट्टा बदलताना कॅमशाफ्टची पुली हलू नये म्हणून ही पिन तिच्या भोकातून आत घालून ठेवायची. पट्टा बसला की काढायची. एवढंच काम. पण काढायला विसरलात आणि स्टार्टर मारला, की इंजिनाचं वाटोळं. म्हणून पिनेच्या शेपटीला लाल चिंधी, चांगली लांब, बॉनेटच्या फटीतून बाहेर लोंबेल अशी. ही माझी युक्ती, तीस वर्षांपूर्वीची. गल्लीत शेंबडं पोरसुद्धा जाणतं : मिंचोची लाल चिंधी लोंबतेय, गाडीला हात लावायचा नाही.

जुनी चिंधी तेलानं कुजली होती. घरात लाल कापड सापडेना. शेवटी स्तान्काच्या टोपलीत हात घातला. ती गेल्यापासून पहिल्यांदा. अगदी वरच लोकरीची गुंडी, लाल आणि पांढरी एकत्र पिळलेली. गेल्या वर्षी याच दिवसांत अंथरुणात बसून पिळत होती, एक मार्चला मनगटाला बांधायच्या मार्तेनित्सांसाठी. बोटं सुजलेली, तरी पिळत होती. संपली नाही. तिच्यातलाच धागा तोडला, तिपेडी केला आणि तिच्याच गाठीनं बांधला. ती टोक दोनदा आत घेऊन ओढायची, ती गाठ. लाल आहेच की त्यात. पांढरं काय, दोन दिवसांत तेलानं काळं होईल.

बराच वेळ टोपली मांडीवर घेऊन बसलो. झाकण लावायला जमेना.

१ मार्च

आज सगळं गाव लाल-पांढरं. मनगटांना मार्तेनित्सा, कोटांना मार्तेनित्सा, कुत्र्यांच्या गळ्यात, गाड्यांच्या आरशांना. पाववालीनं तराजूच्या काट्यालाही बांधलीय! झाड फुललेलं दिसेपर्यंत मिरवायची, मग सोडून त्याच फांदीला बांधायची. स्तान्का गॅरेजामागच्या आलुबुखाराला बांधायची. झाड तिनंच लावलेलं.

त्सोना आली होती. पांढऱ्या व्हॅनमधून वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर जेवणाचे डबे पोचवते. सव्वीस घरं, प्रत्येक घरात एकटं म्हातारं माणूस. पोरगी तोंडाळ, पण मन साफ.

"उस्ताद, मनगट द्या."

"शोकात आहे मी. वर्ष व्हायचंय."

"बरं, मग कडीला बांधते. कडीला कुठलं सुतक!"

बांधून गेली. जाता जाता म्हणाली, व्हॅनचा पट्टा बदलायचाय, बुधवारी कोयोदादाकडे टाकते. "त्याच्याकडे सगळं नवीन आहे ना." हे मला! तिच्या बापाच्या गाडीचा पट्टा कुणी बदलला होता, विचार म्हणावं.

३ मार्च

आला! आला शेवटी माझ्या दारात!

"दाजी, आठची पिन आहे का?"

"एकशे आठात नाही?"

"आहे. पण सैल बसते. पुली हलते."

"जर्मनीला फोन कर मग."

हसला. याला काहीही बोला, हसतो. लहानपणापासून असाच, स्तान्का म्हणायची. किल्ल्यांतून अठ्ठ्याऐंशी नंबरचा बिल्ला सोडवला आणि खिळ्यावर लावला. नऊ वर्षं परदेशात राहिला तरी बिल्ला किल्ल्यांना ठेवला होता, हे मान्य करतो. मी पिन काढून दिली. तर हा धाग्याकडेच बघत राहिला. बोटांत धरून, गाठ उलटसुलट करून. माझ्या गावठी कामाचं हसू येत असणार. मी म्हटलं, "काय बघतोस? चालतं ते."

"काही नाही, दाजी," म्हणाला आणि गेला.

ती भिंतीवरची रिकामी आकृती बघून आज बरं वाटलं. एकशे आठ नग!

४ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळपासून बर्फ-पाऊस. मार्ता आजी, म्हणजे आपला लहरी मार्च महिना, पहिल्याच आठवड्यात बिथरली. कोयोनं त्सोनाची व्हॅन दारात घेऊन पट्टा चढवला होता. पिन आतच. ताण द्यायच्या चाकाचा बोल्ट झिजलेला निघाला म्हणून दुसरा आणायला सायकलवरून दुकानात गेला. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून बॉनेट लावून गेला, किल्ली गाडीतच. साडेअकराला त्सोना आली. डबे भरून तयार, गार होत चाललेले. बॉनेट बंद, किल्ली जागेवर. तिनं स्टार्टर मारला.

माझ्या गॅरेजात ऐकू आला तो आवाज. कुणाची हाडं मोडावीत तसा. एकदा, आणि मग काही नाही.

धावत गेलो. कोयो सायकल टाकून धावला. त्यानं बॉनेट उघडलं, कव्हर काढलं. पट्ट्याचे दात साफ सोललेले. पिस्टन व्हॉल्व्हवर आपटले, आठही वाकले असणार. आणि माझी पिन? जशीच्या तशी! केसभरही वाकली नाही. डब्यातली असती तर मोडली असती आणि इंजिन वाचलं असतं. इतकी चांगली पिन मी आयुष्यात केली नव्हती.

गल्ली गोळा झाली. त्सोना रडायला लागली. "मला लाल चिंधी दिसली नाही हो! चिंधी असती तर मी हात लावला असता का? लाल-पांढरं लोंबत होतं. मला वाटलं, काम झालं, कोयोदादानं गाडीला मार्तेनित्सा बांधली. काम झाल्याशिवाय कोण बांधतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी विचारलं, "उस्ताद, पिनेला चिंधी होती ना?"

आणि मी म्हणालो, "होती. लाल. तीस वर्षं असते."

असं म्हणालो. ठरवून नाही. तोंडातून गेलं. पण मग थांबलो का? नाही. वर आणखी म्हणालो, "याला ती बरी दिसली नसेल. काढून टाकली असेल."

कोयो माझ्याकडे बघत होता. त्यानं हात कोटाच्या खिशात घातला आणि तसाच ठेवला. मग त्सोनाला म्हणाला, "माझीच चूक. किल्ली गाडीत ठेवायला नको होती."

५ मार्च

धागा कुठे गेला? इंजिनात डोकावून आलो. पिनेच्या भोकात काही नाही. पट्ट्यानं ओढून नेला असेल, चिंध्या होऊन खाली पडल्या असतील. बरं झालं.

बरं झालं असं लिहिलं मी. खोडत नाही.

६ मार्च

व्हॅन ढकलत माझ्या गॅरेजात आणली. त्सोना म्हणाली, "कोयोदादाच्या हातात किल्ली आता देणार नाही." सगळ्यांसमोर म्हणाली. तो तिथंच उभा होता. "बरोबर आहे. दाजींकडेच द्या," म्हणाला आणि व्हॅन ढकलायला खांदा लावला.

शिट्टी बंद.

८ मार्च

त्सोना बहिणीच्या छोट्या गाडीतून दोन खेपा करून डबे पोचवते. वरच्या दोन वाड्यांना ती गाडी चढत नाही. तिथल्या म्हाताऱ्यांनी तीन दिवस पाव-कांद्यावर काढले. आज ती चालत गेली, पाठीवर डबे घेऊन, दीड तास. बायकांचा दिवस म्हणे आज! कुणीतरी तिला वाटेत फुलं दिली, ती पण डब्यांवर खोचून नेली.

मला झोप लागत नाही, हे लिहायची गरज नाही.

१० मार्च

या इंजिनाच्या हेडाला माझा स्प्रिंग दाबायचा पकड-पाना चालत नाही. व्हॉल्व्ह खोल खड्ड्यात बसलेले, पाना आत पोचत नाही. कोयोच्या डब्यातही तसलं काही नाही (विचारलं नाही, डबा उघडा असतो, बघितलं). म्हणून नवीन केला. मोठा सी-क्लॅम्प घेतला. त्याच्या टोकाला पाण्याच्या नळाचा वीतभर तुकडा वेल्ड केला. नळाच्या अंगाला कानशीनं खिडकी पाडली, दोन बोटं जातील एवढी. नळ स्प्रिंगच्या टोपीवर बसतो, क्लॅम्प आवळला की स्प्रिंग दबते आणि खिडकीतून चुंबकानं ती दोन चिमुकली अर्धी लॉकं उचलून घ्यायची. पहिल्यांदा वेल्डिंग वाकडं झालं, कापून परत केलं. दुसऱ्यांदा झकास.

चार तास डोक्यात दुसरं काही आलं नाही. फक्त लोखंड. मग हात पुसले आणि सगळं परत आलं.

आठही व्हॉल्व्ह वाकलेले. रांगेनं बाकावर मांडलेत, माझ्याकडे मान वाकडी करून बघतात.

१२ मार्च

दारात कागदी पुडकं. आठ नवे व्हॉल्व्ह, गॅस्केट, पट्टा. कोयो सोफियाला जाऊन आला, बसनं, एका दिवसात. दार वाजवलं नाही, ठेवून गेला. वर कागदाचा तुकडा : दाजी, क्रमानं घासा, व्हॉल्व्हची तिसरी सीट जास्त खाल्लेली आहे.

मला शिकवतो! तिसरी सीट खरंच खाल्लेली निघाली.

१६ मार्च

सुरू झाली. पहिल्या फटक्यात.

गल्ली टाळ्या वाजवत होती. कुणीतरी रकियाची बाटली आणली, कुणी लोणच्याच्या मिरच्या. नवा पाना हातोहात फिरला. "विकतचं ते विकतचं, उस्तादाच्या हाताला तोड नाही!" पलीकडच्या ओळीतला तो, पुलीचा पाना न नेलेला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ते निळं खोकं काय कामाचं? चिंधीची अक्कल खोक्यात मिळत नाही."

चिंधीची अक्कल! मी ग्लास तोंडाला लावला.

पंधरा नंबरचं दार बंद होतं. खुर्चीवर डबा नव्हता. दहा दिवसांत एकही गाडी त्याच्याकडे गेलेली नाही. मला हेच हवं होतं ना? फेब्रुवारीपासून हेच हवं होतं. घे म्हणावं.

१९ मार्च

सांगायला गेलो होतो. त्याच्या दारापर्यंत. आत तो जमीन झाडत होता. "काय, दाजी?" म्हणाला. मी विचारलं, "फरशी पुसायचा सोडा आहे का?" दिला त्यानं. आता घरात दोन डबे सोडा आहे.

भेकड. साठी उलटून सहा वर्षं झाली आणि भेकड.

२२ मार्च

स्तान्काचं वर्ष. रीतीप्रमाणे दारावर, विजेच्या खांबावर तिच्या फोटोचे आठवणीचे कागद चिकटवले. खांबावर गेलो तर तिथं आधीच एक चिकटवलेला. कोयोनं स्वतःच्या खर्चानं छापलेला, लहानपणचा फोटो, दोन वेण्या. मी हा फोटो कधी बघितला नव्हता.

कबरीवर दोघंच. उकडलेले गहू, साखर, पाव. त्यानं मातीवर वाइन ओतली. मग तो म्हणाला, "दाजी, तिनंच फोनवर सांगितलं होतं. येऊ नकोस म्हणाली. मला अशी बघू नकोस म्हणाली. सुट्टीचं मी आपलं लोकांना सांगितलं."

मी म्हणालो, "मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं."

हे मी म्हणालो. मी! तिच्या डोक्याशी उभा राहून.

त्यानं मान हलवली आणि गव्हाचा वाडगा माझ्या हातात दिला. "खा, दाजी. तिला वाटून खाल्लेलं आवडायचं."

२७ मार्च

कोयो उद्या चालला. परत जर्मनीला. इथं हाताला काम नाही म्हणाला, साधेपणानं, हवा-पाण्याबद्दल बोलावं तसं. निळा डबा घेऊन आला, माझ्या बाकावर ठेवला.

"हा ठेवा. गल्लीला लागेल."

"मला काय करायचाय?"

"भिंतीवर आकृती काढा त्याची. मोठी भिंत लागेल." हसला. मग खिळ्याकडे बघून म्हणाला, "माझा अठ्ठ्याऐंशी नेऊ का?"

द्यायला काय झालं होतं? एक पितळेचा तुकडा. पण जीभ अशी सडकी. मी म्हणालो, "पिन तू परत केली नाहीस. इंजिनातून मी काढली. नियम तो नियम."

"खरंय," म्हणाला. "पुरी परत केली नाही."

आणि गेला. मागच्या बाजूनं, आलुबुखाराकडून.

२८ मार्च

सातची बस. खिडकीतून बघितलं. एक पिशवी, बस्स. हात दाखवला नाही. त्यानं दाखवला, माझी खिडकी बंद होती तरी.

३ एप्रिल

झाड फुललं. आज बघितलं.

एका फांदीला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, धागा बांधलाय. तिपेडी, तेलानं काळाकुट्ट, एका बाजूला पट्ट्यानं खाल्लेला. उलगडून बघितलं तर आत लाल आणि पांढरं. गाठ स्तान्काची : टोक दोनदा आत. तिच्या भावालाही येत होती.

त्या दिवसापासून त्याच्या खिशात होता. गल्लीसमोर काढायचा, एवढंच होतं, मी खोटा ठरलो असतो. बहिणीचा धागा काढला नाही त्यानं.

पिन आता पुरी परत आली. खिळ्यावरून अठ्ठ्याऐंशी काढलाय, हातात धरून बसलोय. त्याचा पत्ता मी कधी विचारलाच नाही.